फितीच्या खरखरीमागचे संगीत

स्लाय अँड द फॅमिली स्टोन या अमेरिकी बँडचा ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ (म्हणजे ‘दंगल सुरू आहे’) हा १९७१ चा अल्बम मी वारंवार ऐकते, आणि दर वेळी त्याचा धूसर, दबलेला ध्वनीच मन प्रथम वेधून घेतो. १९६९ च्या ‘स्टँड!’मध्ये हाच बँड किती उजळ आणि उत्साही होता! कृष्णवर्णीय आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष त्यात बरोबरीने वाजवत आणि गात असत.

दोनच वर्षांनी बँडचा प्रमुख स्लाय स्टोनने बरीचशी वाद्ये स्वतःच, एकावर एक थर चढवत मुद्रित केली. त्याच फितीवर पुन्हा पुन्हा मुद्रण झाल्याने खरखर वाढली आणि गायकाचा स्वर जणू भिंतीपलीकडून येऊ लागला. कुणी याला दोष म्हणेल, पण मला त्यातच या अल्बमचे सौंदर्य दिसते. ‘फॅमिली अफेअर’मध्ये ड्रमवादकाऐवजी ताल देणारे यंत्र आहे. त्याच्या कोरड्या ठेक्यावर बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो हळुवार पसरतो, स्लायची बहीण रोझ स्टोन ध्रुवपद गाते आणि स्लाय जवळजवळ पुटपुटतो. इतके संयत गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, याचे मला आजही नवल वाटते.

शीर्षकगीताची लांबी मूळ तबकडीवर शून्य मिनिटे, शून्य सेकंद अशी छापलेली आहे. दंगली होऊ नयेत असे आपल्याला वाटत होते, हे त्याचे कारण स्लायने पुढे सांगितले.