अंतरपाट दूर होण्याआधी

शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो आणि वधू-वर समोरासमोर येतात. मोजून दोन-तीन सेकंद. त्यात अक्षतांचा पाऊस, वाजंत्र्यांचा आवाज, मागून वाकून बघणारे मामा आणि स्टेजखाली एकदम वर गेलेले मोबाईल. हार पुन्हा घालून दाखवता येतो, केकही पुन्हा कापता येतो, पण ही नजर दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून लग्नाच्या फोटोंची आखणी या दोन-तीन सेकंदांपासून सुरू करावी.

फोटोग्राफर शोधताना बहुतेक जोडपी कॅमेरा कोणता, ड्रोन आहे का, टीझर किती मिनिटांचा, हे विचारतात. जरूर विचारा. पण फोटो कसे येणार ते मुख्यतः स्टेजवरच्या दिव्यांवर, वेळेवर आणि कोण कुठे उभं राहणार यावर ठरतं. हे तिन्ही तुमच्या हातात आहे, आणि हॉल बुक करतानाच त्याची बोलणी करता येतात.

आधी उभं राहण्याचं बघू. अंतरपाट धरलेला असताना समोरून वधू-वरांचे चेहरे एका बाजूने दिसतात आणि मधे कापडाची कड. हा एक फोटो झाला. वधूचा चेहरा समोरून हवा असेल तर दुसरा कॅमेरा वराच्या मामांच्या खांद्यामागे लागतो, आणि वराचा हवा असेल तर वधूच्या मामांच्या मागे. एकटा माणूस या तिन्ही जागा सांभाळू शकत नाही. त्यामुळे बजेट कमी असेल तर प्री-वेडिंग कमी करा, ड्रोन काढून टाका, पण मुहूर्ताच्या वेळचा दुसरा फोटोग्राफर काढू नका. व्हिडिओवाला त्यात धरायचा नाही. तो समोर ट्रायपॉडवर असतो आणि त्याने तिथून हलूही नये.

गुरुजींशी पाच मिनिटं आधी बोलणं ही सगळ्यात स्वस्त तयारी आहे. अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार ते त्यांना विचारून घ्या, कारण त्या बाजूला उभ्या असलेल्या फोटोग्राफरच्या लेन्ससमोरून नेमक्या त्याच क्षणी कापड सरकतं. माइकचा स्टँड स्टेजच्या मध्यभागी येणार नाही हेही तेव्हाच ठरवा. मावशी, आत्या, काका स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणार असतील तर किती जण आणि कोणत्या क्रमाने, याची चिठ्ठी फोटोग्राफरकडे हवी. शेवटी गुरुजी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू करतात. हीच त्याच्यासाठी घंटा. तोवर त्याची जागा पक्की आणि कॅमेरा डोळ्याला लागलेला हवा. तुमचा फोटोग्राफर मराठी लग्नांना नवखा असेल तर ही ओळ त्याला आधी ऐकवून ठेवा.

अक्षतांबद्दल एक छोटी गोष्ट, पण फोटोंत ती फार जाणवते. स्टेजवर मागे उभी असलेली मंडळी जोरात अक्षता मारतात. तांदूळ गालावर बसतो आणि प्रत्येक ‘सावधान’ला दोघांचे डोळे मिटतात. मग अर्ध्या फोटोंत डोळे बंद. मागच्यांनी अक्षता फेकू नयेत, डोक्यावर हलकेच सोडाव्यात, एवढं करवलीने सांगितलं तरी पुरतं. त्याच वेळी माइकवरून एक सूचना करून घ्या: मुहूर्ताला स्टेजवर आई-वडील, मामा, करवल्या आणि गुरुजी एवढेच. नाहीतर मोबाईल घेतलेला एखादा हात नेमका दोन चेहऱ्यांच्या मधे येतो.

आता दिवे. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. स्टेजवर जांभळा-गुलाबी एलईडी प्रकाश टाकायची पद्धत सगळीकडे पसरली आहे. डोळ्यांना तो छान वाटतो, कारण डोळा जुळवून घेतो. कॅमेऱ्याला तसं जमत नाही. हिरवा रंग दिसायला प्रकाशात हिरवा असावा लागतो, आणि जांभळ्या-गुलाबी एलईडीत तो जवळजवळ नसतो. त्यामुळे हिरवा चुडा काळपट दिसतो, पिवळी अष्टपुत्री लालसर होते, हळदीने उजळलेली कांती मळकी दिसते. हे एडिटिंगने परत आणता येत नाही, कारण जो रंग प्रकाशातच नव्हता तो फाईलमध्येही नसतो. मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून दिले जातात.

डेकोरेटरला नेमकं काय सांगायचं? रंगीत दिवे फक्त मागच्या पडद्यावर. वधू-वरांवर पांढरा प्रकाश, तोही समोरून डाव्या-उजव्या बाजूंनी तिरका, आठ-दहा फूट उंचीवरून. डोक्यावर सरळ खाली पडणारा स्पॉट नको. त्याने डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात आणि नथीची सावली ओठांवर पडते. पांढऱ्यातही एकच जात ठेवा. सगळे पिवळसर वॉर्म किंवा सगळे डेलाइट. एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो असेल तर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा येतो, आणि एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

स्वस्त एलईडी दिवे सतत लुकलुकत असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर वेगात ठेवलं की फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. अशा वेळी १/५० किंवा १/१०० सेकंद बऱ्याचदा चालतं, पण डिमरवर मंद केलेल्या एलईडीला तेही पुरत नाही. दिवा मंद करायचा असेल तर डिमर फिरवण्याऐवजी दिवे कमी लावा. मागे एलईडी वॉल असेल तर विधींच्या वेळी ती बंद ठेवा, किंवा तिच्यावर हलणारं काही न लावता एक स्थिर, मंद चित्र ठेवा. आणि संगीतच्या रात्री लेझर असेल तर त्याचा झोत कॅमेऱ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नका. तो थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा जळू शकतो.

तपासायची सोपी रीत अशी: त्याच हॉलमध्ये, त्याच डेकोरेटरच्या दिव्यांत, एक हिरवी बांगडी आणि एक पांढरा रुमाल हातात धरून साध्या मोबाईलने फोटो काढा. बांगडी हिरवी आणि रुमाल पांढरा दिसला तर काळजी नाही. रुमाल गुलाबी आला तर तुमचा शालूही गुलाबीच येणार.

लॉनवरच्या दुपारच्या लग्नात प्रश्न वेगळा असतो. एप्रिल-मेमध्ये साडेबाराचा मुहूर्त म्हणजे सूर्य डोक्यावर. वर छत हवंच, पण ते पांढऱ्या कापडाचं हवं. केशरी किंवा लाल कापडातून गाळून आलेला प्रकाश चेहऱ्याला तोच रंग देतो. हळदीलाही हेच लागू. पिवळा मांडव, पिवळे कपडे, पिवळी फुलं आणि वरून हळद, म्हणजे चेहरा कुठे संपतो ते कळत नाही. हळद मोकळ्या सावलीत, पांढऱ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर करा. दोघांचे निवांत फोटो हवे असतील तर ते सूर्यास्ताआधीच्या पाऊण तासात घ्या. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मेच्या मध्यात सातच्या आसपास, त्यानुसार रिसेप्शनची वेळ ठरवा.

वेळेचं गणित उलटं मांडावं. समजा मुहूर्त १२:२० चा आहे. वधू सव्वाअकराला गौरीहराशी बसणार. त्याआधी तिच्या एकटीच्या आणि माहेरच्या माणसांबरोबरच्या फोटोंना अर्धा तास, म्हणजे पावणेअकराला ती पूर्ण तयार हवी. मेकअप आणि केसांना अडीच तास, नऊवारी आणि दागिन्यांना चाळीस मिनिटं. म्हणजे मेकअपवालीने साडेसातला हात लावलाच पाहिजे. पुण्याहवाचन, देवक आदल्या दिवशी उरकलं नसेल तर आणखी तास-दीड तास धरा. एवढं करूनही अर्धा तास उशीर होतो. उशीर झाला की मुहूर्त हलत नाही, विधीही हलत नाहीत, कमी होतात ते तुमचे फोटो.

रिसेप्शनचं गणित तर कुणी मांडतच नाही. ६०० पाहुणे, चार-चारच्या गटाने स्टेजवर आले तर १५० गट. प्रत्येकी ३० सेकंद धरली तरी सव्वा तास, आणि वयस्कर मंडळींना पायऱ्या चढायला लागणारा वेळ यात नाही. वर चढायला आणि उतरायला वेगवेगळे जिने ठेवले तर पुष्कळ वेळ वाचतो. घरच्यांचे ग्रुप फोटो या रांगेत मिसळू नका. त्यांची यादी जास्तीत जास्त १५ गटांची, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. दोन्हीकडून एकेक माणूस असा नेमा, जो चेहरे ओळखतो आणि मोठ्याने हाक मारू शकतो. फोटोग्राफरला तुमची आत्या कोण आणि काकू कोण हे माहीत नसतं. आजी-आजोबांचा गट सर्वांत आधी घ्या, त्यांना ताटकळत ठेवू नका.

काही विधी क्षणात होऊन जातात आणि कुणी सांगितलं नाही तर निसटतात. लाजाहोमाच्या वेळी भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, ती कानपिळी अशीच. सूनमुखाला सासूबाई आरशात सुनेचा चेहरा बघतात. तिथे आरसा निदान ताटाएवढा हवा, आणि तो दहा सेकंद न हलवता धरायला हवा. फोकस आरशाच्या चौकटीवर न करता आतल्या प्रतिमेवर करावा लागतो, फ्लॅश मारला तर तो परतून पांढरा डाग पडतो. होमाच्या समिधा ओल्या असतील तर धुराने डोळ्यांत पाणी येतं, काजळ पसरतं आणि फ्लॅशच्या उजेडात सगळा धूर पांढरा होऊन चेहरे पुसट होतात. सुक्या समिधा आणि भरपूर तूप, एवढ्याने निम्मा धूर कमी होतो. सप्तपदीला तांदळाच्या सात राशींभोवती पाट, पिशव्या, चपला असं काहीही नको, कारण तो फोटो जमिनीलगतून घेतात.

मेकअप ट्रायलच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून एक फोटो काढाच. काही सनस्क्रीन आणि बारीक पांढऱ्या पावडरी प्रत्यक्षात दिसत नाहीत, पण थेट फ्लॅशमध्ये कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग पांढराफट्ट येतो. मुंडावळ्या बांधताना मोत्यांची सर डोळ्यावरून जात नाही ना ते बघा, आणि दाबाची नथ दर तासाला करवलीने सरळ करावी.

करारात पुढच्या गोष्टी लिहून घ्या. प्रत्यक्ष कोण येणार त्यांची नावं, किती तास, जास्तीच्या तासाचा दर, एडिट केलेले फोटो किती आणि कधीपर्यंत, अल्बममध्ये किती शीट. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो जातात का, हेही विचारा. कार्ड बिघडतात, आणि एकाच कार्डावर लग्न असणं धोक्याचं. ड्रोन हवाच असेल तर ‘ड्रोन नियम २०२१’ प्रमाणे विमानतळालगतच्या लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या आसपास कार्यालय असेल तर हे आधीच तपासा. फोटोग्राफर मंडळींना पहिल्या पंगतीला जेवू घाला. वधू साडी बदलायला जाते तो अर्धा तास यासाठी नेमका मिळतो.

लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच दोघांचा एक चांगला फोटो छापून घ्या. विवाह नोंदणीच्या अर्जाला तो आणि लग्नपत्रिका लागते. अल्बम रखडतो तो बहुधा जोडप्याने फोटो निवडून न दिल्यामुळे. ४००० फोटोंतून १५०-२०० काढायचे असतात. एका बैठकीत फक्त एकाच विधीचे निवडा आणि महिन्याभरात यादी देऊन टाका. सगळा डेटाही मागून घ्या. दोन फोटोग्राफरांच्या मूळ फाईली १०० जीबीच्या वर जातात, आणि १०० एमबीपीएसने केलेलं फोरके चित्रीकरण तासाला सुमारे ४५ जीबी घेतं, त्यामुळे १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क लागतील. एक माहेरी ठेवा, एक सासरी.