आमच्या आषाढात त्यांचा श्रावण

बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातला ‘नागेशं दारुकावने’ हा तुकडा आम्हा औंढ्याकडच्या माणसांना सातबाऱ्यासारखा वाटतो. द्वारकेकडचे लोकही तोच उतारा दाखवतात, आणि उत्तराखंडात कुमाऊंतले जागेश्वरवालेही. त्यांचं म्हणणं, दारुकावन म्हणजे देवदारांचं वन, आणि औंढ्याला देवदार कुठाय? आईला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “झाडावरून देव ठरतो व्हय?”

यंदा तिच्या खुब्याचं ऑपरेशन नेमकं ज्येष्ठात निघालं आणि माझी पंढरीची वारी चुकली. पालखीच्या मुक्कामांचे फोटो येत होते आणि मी दवाखान्याच्या बाकावर डबे धुवून वाळत घालत होते. दिंडीतले काका भेटायला आले. वाखरीहून परतून दोनच दिवस झालेले, टाचा अजून सोललेल्या. “माउली, पाय वळवळत असतील तर जागेश्वरला चला,” म्हणाले. आईने अडवलं नाही. तिने औंढ्याहून बेलाची पानं मागवली, माझ्या हरिपाठाच्या पुस्तिकेत दाबली आणि बजावलं, “वाहशील तेव्हा सांग त्यांना, कुठून आणलीत ते.”

आमच्या दोघांसोबत तिसरी माझी भाची. गळ्यात दुर्बीण. तिला देव नको होता, पक्षी हवे होते.

अल्मोडा, बालमिठाई, चितईच्या गोलूदेवाच्या घंटा आणि स्टँप पेपरवर देवाला लिहिलेले अर्ज, सगळं एका दिवसात उरकलं. बिनसरच्या जंगलात शिरलो तेव्हा पाऊस होता. 2,400 मीटरवरच्या झीरो पॉइंटहून नंदादेवी, त्रिशूळ, पंचाचुली ओळीने दिसतात म्हणे. आम्हाला ढग दिसला. एकच, पण सगळीकडे. काका तिथेच हात जोडून उभे राहिले. “दिसत नसलं तरी आहेच की,” म्हणाले. मला त्यांचा राग आला. तीन तास चढून आलेल्या माणसाला असलं काही ऐकवू नये.

पहाटे साडेचारला काकांनी काकडा धरला. टाळ हळूच, पण जंगलात हळू असं काही नसतं. तेवढ्यात खालच्या दरीतून कुणीतरी भुंकलं. कुत्रं नव्हे, घसा फाटल्यासारखं, मध्ये थांबून थांबून. विश्रामगृहाचा चौकीदार बॅटरी घेऊन धावत आला. “अंदर जाइए, काकड़ बोल रहा है.” काका म्हणाले, “हो, काकडाच म्हणतोय मी.” भाची हसून लोळायची बाकी. काकड म्हणजे आपलं भेकर. ते असं भुंकलं की आसपास बाघ आहे असं समजायचं, आणि तिकडे बाघ म्हणजे बिबट्या. काकांनी टाळ पिशवीत घातले, उरलेला काकडा ओठांतल्या ओठांत पुरा केला. तो भुंकत राहिला. मला त्या दोघांचं बरं जुळल्यासारखं वाटलं.

सकाळी वाटेत बांज आणि बुरांसच्या बुंध्यांवर शेवाळ, आणि मध्येच काही बुंधे माणसाच्या उंचीपर्यंत काळे. 2024 च्या जूनमधल्या वणव्याने केलेले. तो विझवायला गेलेली वनखात्याची माणसं त्यातच गेली. चौकीदार जागा दाखवायला थांबला नाही, फक्त हाताने केलं, तिकडे. त्या हाताच्या रेषेत एक निळाकाळा पक्षी शीळ घालत बसला होता. आपल्या सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुराचा भाऊबंद, असं भाचीने सांगितलं, आणि वहीत टिपून घेतलं.

धौलछिनाच्या पुढची दुपार मात्र मला तासातासाने आठवते.

चीडाच्या जंगलात वाट पिरूलने झाकलेली असते. पिरूल म्हणजे चीडाच्या सुकलेल्या सुया. कोरड्या असल्या तर पेटतात, ओल्या झाल्या तर त्यांच्यापुढे साबण बरा. दोनदा आपटले. लिसा, म्हणजे चीडाचा चीक, गोळा करायला खोडावर खाचा पाडून बांधलेल्या भांड्यांत पावसाचं पाणी साठलेलं. बुटात पाणी, मोज्यात पाणी, उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि डाव्या पोटरीवर दोन जळवा निवांत पीत बसलेल्या. भाची पुढे कुठल्याशा पाखरामागे. काका त्याहून पुढे, आणि त्यांचं “ज्ञानोबा-तुकाराम” वळणामागून बारीक बारीक होत चाललेलं. वारीत फोडातून सुईदोरा ओवून घेते मी, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण तिथे मागेपुढे हजार माणसं चालत असतात. इथे मी एकटी दगडावर बसून विठ्ठलाला, नागेशाला आणि काकांना एका दमात बोल लावत होते.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई खालून आली. हातात दराती, म्हणजे विळा, कानामागे पिवळट हिरवे कोंब खोचलेले. तिने मला विचारलं काहीच नाही. भारा उतरवला, कमरेच्या पुडीतलं मीठ काढून जळवांवर चिमटीने सोडलं. जळवा गळून पडल्या. मग माझा बूट स्वतः काढला, फोड बघून जीभ टाळ्याला लावून “च्च” केलं आणि म्हणाली, “घर यहीं है.”

यहीं म्हणजे उतारावरून वीस मिनिटं. तिथे तिने मोहरीचं तेल गरम केलं, टाचेला चोळलं, वर जुन्या साडीची पट्टी बांधली. अंगणातल्या वेलीवरून हातभर लांब, जाड काकडी तोडून चिरली आणि पाट्यावर वाटलेलं मीठ लावून दिली. मिरची, लसूण, आणखी काहीतरी हिरवं. मी अर्धी काकडी एकटीने खाल्ली. मग तिने दोरीवरून मुलाच्या शाळेचे मोजे काढले. राखाडी, वरच्या काठाला दोन निळे पट्टे. कोरडे. पावसाळ्याच्या त्या दिवसांत त्या घरात तेवढीच एक कोरडी जोडी असेल.

“मग तो उद्या शाळेत?” मी विचारलं.

“चप्पल पहनेगा.”

कानामागचे कोंब कसले, तर हरेल्याचे. कर्क संक्रांतीच्या आधी टोपलीत धान्य पेरतात, संक्रांतीला कापतात, आणि तिथून त्यांचा सावन सुरू होतो. आमचा अजून आषाढ वद्य चाललेला. मी म्हटलं, आमच्याकडे नवरात्रात घट असतात, दसऱ्याला बाप्ये ते कोंब टोपीत खोचतात. तिला ते इतकं आवडलं की आत जाऊन उरलेला हरेला घेऊन आली. पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना लावत वर डोक्यापर्यंत नेला आणि भराभर पुटपुटली, “जी रया, जागि रया...” पुढच्यात कोल्ह्यासारखी बुद्धी येवो असंही होतं. ते तिने हिंदीत समजावलं आणि स्वतःच हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लसणाचं म्हणून खपवलं.

पैसे घेतले नाहीत. “जागनाथज्यू के यहाँ मेरे नाम की घंटी बजा देना.” जागनाथज्यू म्हणजे जागेश्वरचा महादेव. नाव विचारायचं राहिलं. हे मला अर्ध्या तासाने सुचलं, आणि परत तो चढ चढायची हिंमत नव्हती.

काका वळणावर बसून होते. “उशीर केलात माउली.” त्यांच्याशी मी वृद्ध जागेश्वरपर्यंत बोलले नाही.

तिथून खाली उतरताना चीड संपतात आणि देवदार सुरू होतात. उजेड बदलतो. भाचीनेही दुर्बीण खाली केली. मला आईचं म्हणणं आठवलं, आणि पहिल्यांदाच वाटलं, हे लोक म्हणतात त्यात तथ्य असेलही. लगेच अपराध्यासारखं झालं.

जागेश्वरला सव्वाशेच्या आसपास देवळं, सावनची गर्दी, चिखल, मोबाइल उंच धरलेले हात. दंडेश्वर, मृत्युंजय, जटागंगा, सगळं झालं. जागनाथाच्या दारात हरिपाठाची पुस्तिका उघडली तर पानं ओलीने चिकटलेली. बेल सोडवला तेव्हा त्यावर अर्धी ओळ उलटी उमटली होती. गुरुजींनी विचारलं, “कहाँ का बेल है?” मी सांगितलं, औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. “अच्छा, वहाँ भी नागेश मानते हैं,” ते म्हणाले. भी! आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पान शाई-अक्षरांसकट पिंडीवर ठेवून मोकळे झाले. मागचा माणूस ढकलत होता.

बाहेर येऊन घंटा वाजवली. दोनदा. दुसऱ्यांदा वाजवताना “मोजेवाल्या बाईच्या नावानं” असं मोठ्याने म्हणाले. लोकांनी वळून पाहिलं.

रात्री आईला फोन लागला.

“वाहिलास का बेल?”

“वाहिला.”

“आपलाच खरा म्हणून सांगितलीस का न्हाई?”

“सांगितलं.”

“मग? काय म्हणले?”

“गर्दी होती गं खूप,” मी म्हटलं. खोलीच्या दोरीवर राखाडी मोजे टाकले होते. वाळायची चिन्हं नव्हती.