सकाळची पंधरा मिनिटे

गोदामातील मागण्या ईआरपीच्या (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) डेटाबेसपर्यंत पोहोचवणारा आमचा इंटरफेस दिवसभर सुरळीत चाले. सकाळी सात वाजता पहिल्या पाळीच्या मागण्या आल्या की मात्र तो अडकून बसे आणि सव्वासातनंतर आपोआप मोकळा होई. सपोर्टचे सहकारी सात-दहालाच सर्व्हर रीस्टार्ट करून तिकिटावर ‘निराकरण झाले’ असे लिहीत. रीस्टार्टने बऱ्या होणाऱ्या दुखण्याचे निदान आमच्या व्यवसायात सहसा कोणी करत नाही.

नेटवर्क विभागाने डेटाबेसच्या 1521 या पोर्टवर टेलनेट (जोडणी होते का हे पाहण्याचे साधे साधन) लागत असल्याचा स्क्रीनशॉट पाठवून हात झटकले. माझ्या लॅपटॉपवर कनेक्टरचे ‘टेस्ट कनेक्शन’ही यशस्वी होत होते. या दोन्ही चाचण्या नवे कनेक्शन उघडतात. आमचा घोळ होता तो पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी उघडीच ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात, रात्रभर पडून राहिलेल्या पाच जुन्या कनेक्शनचा. हे मला नवव्या दिवशी उमगले, तेही लॉगमधल्या आकड्यामुळे. जेव्हा कोणी रीस्टार्ट केले नव्हते, तेव्हा खोळंबा दर वेळी पंधरा-साडेपंधरा मिनिटांचाच होता. पोच न मिळालेले पॅकेट (डेटाचा तुकडा) लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम मूळ सेटिंगनुसार 15 वेळा, अंतर वाढवत वाढवत पुन्हा पाठवते आणि त्यानंतरच, म्हणजे किमान सुमारे 924 सेकंदांनी, नाद सोडते. मधली फायरवॉल तासभर शांत असलेले कनेक्शन दोन्ही टोकांना न कळवता टाकून देत होती. टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का याची विचारणा, चालू करूनही भागले नसते, कारण त्याची पहिली विचारणा मुळात 7200 सेकंदांनी होते.

कनेक्शन वापरण्यापूर्वी तपासणारी क्वेरी लावली आणि ‘उद्यापासून त्रास नाही’ असे क्लायंटला सांगूनही टाकले. दुसऱ्या दिवशी ती तपासणीची क्वेरीच मेलेल्या कनेक्शनवर पंधरा मिनिटे लटकली. मग 30 सेकंदांचा रीड टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) दिला, तर रात्रीच्या साठा-ताळमेळाची लांबलचक क्वेरी मध्येच तुटू लागली. शेवटी तो काढला आणि कनेक्शनचे कमाल आयुष्य 20 मिनिटांवर आणले, म्हणजे फायरवॉलने टाकण्याआधी पूलच ते बंद करतो.

तिकीट ‘ॲप्लिकेशनमधील दोष’ म्हणून बंद झाले, आणि ते मला खोटेही म्हणवत नाही. पूलची सेटिंग्ज मूळ अवस्थेत मीच सोडली होती. पोर्ट उघडून मागण्याच्या अर्जात निष्क्रिय कनेक्शन किती वेळ टिकते याचा रकाना नाही, आणि मीही ते विचारले नव्हते. माझीच कॉन्फिगरेशन फाइल आणखी चार इंटरफेसमध्ये जशीच्या तशी उतरवलेली आहे. त्यांतील दोन बदलून झाले. उरलेले दोन चेंज मीटिंगच्या मंजुरीची वाट पाहत आहेत, आणि ते अजून कधी सलग तासभर शांत राहिलेले नाहीत, एवढेच.