ड्रम्स आलेच नाहीत

दादाने फोनवर विषय काढला म्हणून झोपायच्या आधी 'वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए. एम.' लावला. सायमन-गार्फंकल या अमेरिकन गायक जोडीचा पहिलावहिला अल्बम, १९६४चा. दोन गळे, गिटार, खाली बेस, बस्स. 'साउंड ऑफ सायलेन्स' सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला माझा पाय आपसूक ठेका धरायला उचलला. ड्रम्स आलेच नाहीत. या रेकॉर्डिंगमध्ये ते नाहीतच, हे मला पाठ आहे. तरी काहीतरी हुकल्यासारखं झालं आणि तेव्हापासून चैन नाही.

अल्बम पडला, जोडी पांगली, सायमन इंग्लंडला गेला. जून १९६५मध्ये निर्माता टॉम विल्सनने त्याच रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम्स चढवले. दोघांना न विचारता. जानेवारी १९६६मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर.

इथे मला नेहमीच राग येतो, आज जरा जास्तच आला. परवाच्या मीटिंगमध्ये... जाऊ दे, ते लिहायला बसले तर उजाडेल. पण निदान विचारायचं तरी! आपण एखादी गोष्ट साधी ठेवतो, कारण ती साधीच हवी असते. मग कुणीतरी तिला नटवून लोकांपुढे उभी करतं, टाळ्या घेतं, आणि आपण मागच्या खुर्चीत. आईला सांगितलं तर म्हणणार, "काम झालं ना? मग?"

बरं, विल्सन उपराही नव्हता. मूळ साधं गाणंही त्याच्याच हाताखाली रेकॉर्ड झालेलं. आणि नटवलेलं गाजलं म्हणूनच हा पडलेला अल्बम पुन्हा बाजारात आला, बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत तिसाव्या क्रमांकापर्यंत चढला. म्हणजे मी ज्याची बाजू घेऊन भांडतेय, तो त्या ड्रम्सच्याच जिवावर तगला. घ्या!

मग हेडफोन लावून दोन्ही एकापाठोपाठ ऐकली. मूळ गाण्याची लय एकसारखी नाही. शब्दांच्या ओढीने दोघं कुठे किंचित पुढे सरकतात, कुठे रेंगाळतात. ते तर गाऊन मोकळे झालेले, त्यामुळे नंतर आलेल्या वादकांना त्यांच्या मागे मागे जावं लागलं. ड्रमवाला बिचारा गायकाला तबलजीने सांभाळून घ्यावं तसा वाजवतोय, आणि गायकाला त्याचा पत्ताच नाही. नटवणाऱ्यालाही एवढा घाम गाळावा लागतो म्हटल्यावर मला एकदम बरं वाटलं. क्षुद्रपणा आहे, पण वाटलं खरं.

शेवटचं शीर्षकगीत मात्र दोनदा ऐकलं. पंचवीस डॉलर आणि थोड्या चिल्लरीसाठी दारूचं दुकान लुटून आलेला तो, आणि शेजारी गाढ झोपलेली ती. पुढच्या अल्बमसाठी सायमनने स्वतःच हे गाणं उचललं आणि ड्रम्ससकट जलद लयीत पळवलं. तिथे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता, त्याचंच होतं. तेही लावून बघितलं. मुळीच नाही आवडलं. एवढ्या गदारोळात ती मुलगी जागी कशी होत नाही, कोण जाणे.