साखरेच्या वासाचा किनारा

टोरांटोला कुणी सोलापूरकर आला की सीएन टॉवरवर पाठवण्याआधी मी त्याला तळ्याकाठी चालायला नेते. तळं म्हणायचं एवढंच. लेक ओंटारिओ सुमारे 19,000 चौरस किलोमीटरचं आहे. आपला अख्खा जिल्हा त्यात मावेल आणि वर पाणी उरेल. सिद्धेश्वर तलावाला प्रदक्षिणा घालायची सवय असलेल्या माणसाला पलीकडचा काठच दिसत नाही, याचं पहिल्यांदा फार नवल वाटतं.

युनियन स्टेशनवरून दक्षिणेला निघून गार्डिनर एक्स्प्रेसवेच्या खालून गेलं की 'क्वीन्स की' (Queens Quay) नावाचा रस्ता लागतो. स्टेशनसमोरचा फ्रंट स्ट्रीट हाच एकेकाळी पाण्याचा काठ होता. पुढे बंदरासाठी आणि रेल्वेसाठी भराव टाकत टाकत शहर तळ्यात सरकत गेलं. बंदराचं काम आटलं तशी गोदामांची जागा बागांनी घेतली. पश्चिमेच्या टोकापासून पूर्वेपर्यंत तीनेक किलोमीटरची सपाट वाट आहे. वाटेत कुठे फाटक नाही, तिकीट नाही. बाबागाडी आणि चाकाची खुर्चीसुद्धा आरामात जाते.

सुरुवात मी मुद्दाम आयर्लंड पार्कपासून करते. धान्याच्या जुन्या उंच सिलोंच्या पायथ्याशी ही छोटी, काहीशी उघडीबोडकी जागा आहे. 1847 साली दुष्काळाने पळालेले 38,000 हून अधिक आयरिश लोक बोटींनी टोरांटोत उतरले. तेव्हा या गावाची वस्तीच 20,000 च्या आसपास होती. अकराशेवर माणसं तापाने इथेच गेली. हाडं निघालेले पाच ब्राँझचे पुतळे काठावर आहेत. एक बाई जमिनीवर कोसळलेली, एक माणूस हात आभाळाकडे उंचावून उभा. मागे काळसर चुनखडीचे उंच दगड आहेत आणि मेलेल्यांची नावं त्या दगडांच्या फटींत कोरलीत. वाचायला वाकावं लागतं, फटीत डोकं घालावं लागतं. आमच्या आजीने 72 च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. तिच्यासारख्या हजारो बायकांची नावं आपल्याकडे कुठल्याच दगडावर नाहीत, हे मला तिथे दरवेळी टोचतं.

पुढे म्युझिक गार्डन लागतं. चेलोवादक यो-यो मा आणि बागरचनाकार ज्युली मॉयर मेसर्वी यांनी बाखच्या एका चेलो रचनेवरून सहा भागांची ही बाग आखली. 1999 मध्ये ती खुली झाली. संगीतातलं काही कळत नसलं तरी बर्चच्या झाडांतून वर चढत जाणारी गोल वाट पाय आपोआप सावकाश करते. त्यापुढे पिवळ्या छत्र्यांचा एचटीओ पार्क आणि लाटेसारखे वरखाली होणारे लाकडी डेक. मुलं सोबत असतील तर तिथे अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

आणि मग शुगर बीच. हवेत अचानक पाकाचा गोड, किंचित करपट वास येतो. सोलापूरकर थांबतोच! समोर रेडपाथची साखर रिफायनरी आहे. 1959 पासून चालू. तिच्या शेजारी, जिथे पूर्वी गाड्या लावायची जागा होती, तिथे 2010 मध्ये पांढरी वाळू, 36 गुलाबी छत्र्या आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे मोठे खडक आले. पोहायला बंदी आहे, पण खुर्चीत बसून बोट रिकामी होताना बघता येते. क्रेनचा जबडा बोटीच्या पोटात जातो आणि तपकिरी कच्ची साखर भरून वर येतो. आमचे मामा माळशिरसकडच्या साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे पाक आटवून दाणा पाडणाऱ्या 'पॅन'वर. त्यांना व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं.

"बगॅस, उसाचा चोथा, कुठं टाकतात गं हे?"

"इथं ऊस येतच नाही मामा. गाळप तिकडं परदेशात होतं. इथं कच्ची साखर विरघळवून, गाळून पुन्हा दाणा पाडतात."

"मग पॅन असणारच," मामा खुश झाले. "जरा आत जाऊन बघ की!"

आत सोडत नाहीत. मला मनापासून आवडलं ते हे, की बाग करताना कारखाना हाकलला नाही. कामावरचा माणूस आणि सुट्टीवरचा माणूस इथे एकाच पाण्याकाठी आहेत.

तिथून थोडं पूर्वेला शेरबोर्न कॉमन. इथे परिसरातलं पावसाचं पाणी बागेतल्या इमारतीच्या तळघरात अतिनील किरणांनी निर्जंतुक करतात, मग सुमारे नऊ मीटर उंच शिल्पांवरून खाली सोडतात आणि उघड्या पाटातून तळ्याकडे नेतात. पाणी कसं स्वच्छ होतं ते बागेत आलेल्या पोरांच्या डोळ्यांसमोर घडतं.

आपल्या सोलापुरात विजापूर रोडवरच्या कंबर तलावातली जलपर्णी काढली, पुन्हा वाढली, हे आपण कित्येक वर्षं ऐकतोय. तिच्यावर हा किरणांचा उपाय चालणार नाही. किरण जंतू मारतात. जलपर्णी सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते, ते तसेच राहतात. सांडपाणी तलावात शिरण्याआधीच अडवून शुद्ध करायला हवं. पण ते काम कुंपणाआड कशाला? काठावरच, सकाळी फिरायला येणाऱ्यांना दिसेल असं करा. वॉर्डाच्या बैठकीला कुणी जात असाल तर एवढं जरूर मांडा. शेरबोर्नचे फोटो हवे असतील तर कळवा, सगळे पाठवते.