२,४०,००० किलोमीटर चाललेले इंजिन: टर्बो बसवावा की इंजिनच बदलावे?

माझ्या गाडीने २,४०,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडला तेव्हा तिच्याविषयी माझ्या दोन तक्रारी होत्या. माणसे आणि सामान भरून चढ लागला की ती पूर्वीसारखी ओढत नव्हती आणि दर हजार किलोमीटरमागे साधारण अर्धा लिटर ऑइल खात होती. गाडी मला मनापासून आवडते, तिची बॉडी अजून घट्ट आहे, त्यामुळे ती विकण्याचा प्रश्न नव्हता. टर्बो बसवावा, म्हणजे गाडीत दम येईल आणि जुने इंजिन आणखी काही वर्षे आनंदाने वापरता येईल, असे माझ्या मनाने जवळजवळ ठरवून टाकले होते. पुढचे तीन महिने मी या विषयावर जे वाचले, मोजले आणि हाताने केले त्यातून तो निर्णय पूर्ण उलटला. तो का उलटला हे नीट लिहून ठेवावे असे वाटते, कारण याच वळणावर उभे असलेले अनेक जण माझ्यासारखीच चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात.

चुकीचे टोक म्हणजे दोन प्रश्नांना एकच प्रश्न समजणे. ‘गाडी पुरेशी ओढत नाही’ हा एक प्रश्न आहे आणि ‘इंजिन झिजले आहे’ हा दुसरा. टर्बो पहिल्याचे उत्तर आहे. दुसऱ्याचे तो उत्तर तर नाहीच, उलट झिजेचा हिशेब तो लवकर चुकता करायला लावतो.

टर्बोचे काम समजायला सोपे आहे. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १ बार असतो. टर्बोने त्यात अर्ध्या बारची भर (तिलाच बूस्ट म्हणतात) घातली तर सिलिंडरमध्ये कागदावर दीडपट हवा जाते. प्रत्यक्षात हवा दाबली की तापते आणि तापली की विरळ होते, म्हणून वाढ त्याहून कमी मिळते आणि ती हवा थंड करायला इंटरकूलर लावावा लागतो. तरीही हा फरक चालवताना स्पष्ट जाणवतो, आणि मोह होतो तो त्यामुळेच.

माझ्या मेकॅनिकने मात्र टर्बोचे नाव काढताच मला थांबवले. ते म्हणाले, “आधी इंजिन काय म्हणतंय ते ऐकू, मग तुम्ही काय म्हणता ते बघू.” किलोमीटरचा आकडा पाहून निकाल द्यायलाही त्यांनी नकार दिला आणि ते बरोबरच होते. महामार्गावर सलग धावलेले, वेळच्या वेळी ऑइल बदललेले ३ लाख किलोमीटरचे इंजिन हे रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेल्या, कधीच नीट न तापलेल्या ८०,००० किलोमीटरच्या इंजिनापेक्षा आतून निरोगी असू शकते. थंड इंजिनात जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि ऑइलमध्ये पाणी साचते; झीज तिथे होते आणि मीटरवर ती दिसत नाही.

मग आम्ही कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर जाताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासले. इंजिन पूर्ण तापवून, चारही स्पार्क प्लग काढून, इंधन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवायचा आणि गेजचा काटा जिथे स्थिरावेल तो आकडा लिहायचा. आमचे आकडे होते १७८, १७५, १४९ आणि १७६ पीएसआय (दाबाचे एकक). आकडा किती मोठा आहे यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचे असते. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालून जातो, आमच्या तिसऱ्या सिलिंडरचा फरक सोळा टक्क्यांच्या घरात होता. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा तपासल्यावर काटा १७० पर्यंत चढला. ऑइलने फट तात्पुरती बुजली याचा अर्थ गळती रिंग (पिस्टनभोवतीची कडी) आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधून होत होती. व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून होत असती तर ऑइल टाकून आकडा फारसा हलला नसता. खात्रीसाठी लीक-डाउन चाचणीही केली. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि ऑइल भरण्याच्या झाकणाशी कान नेला, तर तिथे स्पष्ट फुसफुस ऐकू येत होती. इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या मार्गात) आणि सायलेन्सरमध्ये शांतता होती, रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. तापलेल्या इंजिनाचे ऑइल प्रेशर मात्र चांगले होते, म्हणजे खालच्या बेअरिंग अजून शाबूत होत्या. आजार एका सिलिंडरपुरता होता, पण तो खरा होता.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण झिजलेल्या रिंगवर टर्बो बसवल्यावर नेमके काय होते हे फार थोडे लोक शेवटपर्यंत तपासतात. रिंगमधून निसटणारे वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत, उतरतात. त्यालाच ब्लो-बाय म्हणतात. साध्या इंजिनात ते थोडे असतात आणि इनटेकमधला निर्वात ते ओढून घेतो. टर्बो आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, तेवढेच अधिक वायू खाली निसटतात, आणि बूस्ट असताना इनटेकमध्ये निर्वातही उरत नाही. क्रँककेस फुगू लागतो. आता टर्बोची रचना पाहा: त्याचा दांडा मिनिटाला लाखभर आणि त्याहूनही जास्त फेरे घेतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, आणि ते ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने खाली क्रँककेसमध्ये परत येते. तिथे उलटा दाब असेल तर ऑइलची परतीची वाट अडते, ते टर्बोमध्ये साचते आणि सीलमधून इनटेकमध्ये आणि सायलेन्सरमध्ये शिरते. गाडी निळा धूर मारू लागते. मालक समजतो की टर्बोच खराब निघाला. तो दुसरा टर्बो बसवतो आणि धूर तसाच राहतो. हा खर्च दोनदा केलेले लोक मला भेटले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यांच्या मेहनतीत काहीच खोट नव्हती, फक्त सुरुवातीची एक तपासणी राहून गेली होती.

गोष्ट धुरावर थांबत नाही. हवेत मिसळलेले ऑइल इंधनाची नॉकिंग सहन करण्याची ताकद कमी करते. नॉकिंग म्हणजे ठिणगीने लावलेली ज्योत शांतपणे पसरण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटणे. त्या धक्क्याने पिस्टनच्या दोन रिंगांमधली पातळ कड तुटते. टर्बो नसलेल्या इंजिनाचे ओतीव पिस्टन अशा धक्क्यांसाठी बनवलेलेच नसतात. पुष्कळांना भीती कनेक्टिंग रॉड तुटण्याची असते, पण रॉडला आणि त्याच्या बोल्टांना खेचणारा ताण मुख्यतः आरपीएमच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आरपीएमची मर्यादा तीच ठेवून माफक बूस्ट दिला तर तो ताण फारसा वाढत नाही. कमी आरपीएमवर जास्त बूस्ट देऊन रॉड वाकवणे आणि नॉकिंगने पिस्टन फोडणे हे खरे धोके आहेत.

कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते याचा, मुद्दाही माझ्या विरोधात गेला. माझ्या इंजिनाचा रेशो १०.५ होता, आणि त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये नव्हे तर इनटेकमध्ये फवारले जाते. आजच्या थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत दहाच्या आसपासचा रेशो सर्रास दिसतो, पण तिथे सिलिंडरमध्ये फवारलेले इंधनच आतली हवा थंड करते. जुना दाखला याहून बोलका आहे. १९६२ मध्ये आलेल्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या पहिल्या काही टर्बो मोटारींपैकी एकीचा रेशो १०.२५ होता, आणि नॉकिंग टाळण्यासाठी तिला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे. ती टाकी भरण्याकडे मालकांचे दुर्लक्ष झाले आणि अनेक गाड्यांवरचे टर्बो पुढे काढून टाकले गेले. रोजच्या गाडीला रोजची अशी काळजी मलाही घ्यायची नव्हती.

एवढे झाल्यावर मी वहीत दोन रकाने आखले. टर्बोच्या रकान्यात टर्बो, त्याचा मॅनिफोल्ड, इंटरकूलर, पाइप, मोठे इंजेक्टर, मोठा फ्युएल पंप, जास्त ताकदीचा क्लच आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ट्युनिंग एवढे आले. बूस्टमध्ये हवा-इंधनाचे प्रमाण १४.७ वरून बाराच्या आसपास आणावे लागते, ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते, आणि हे अंदाजाने करायचे काम नव्हे. या सगळ्याच्या आधी, पहिल्या ओळीत, ‘इंजिन खोलून बोअर, पिस्टन, रिंग’ असे लिहावेच लागले. ती ओळ लिहिताच तो रकाना दुसऱ्याच्या कितीतरी पुढे गेला. ती ओळ गाळून केलेला प्रत्येक हिशेब खोटा होता, आणि आधीचे माझे सगळे हिशेब तसेच होते.

दुसऱ्या रकान्यात मी आधी माझ्याच प्रकारचे कमी चाललेले इंजिन धरले होते. मग लक्षात आले की याच घराण्याचे इंजिन त्याच कंपनीने दुसऱ्या मॉडेलमध्ये टर्बोसह विकले होते. त्याचा रेशो ९ होता, पिस्टनच्या पोटावर ऑइलचा फवारा मारणारी नळी होती, रॉड जाड होते, आणि माउंटिंगची व गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बोल्टांची जागा माझ्या इंजिनाप्रमाणेच होती. जे मी बाहेरून चिकटवू पाहत होतो ते कारखान्यात आतून विचार करून केलेले होते. निर्णय तिथे झाला.

परक्या घराण्याचे इंजिन बसवायला मी तयार झालो नसतो. माउंटिंग बनवणे, ऑइलचा संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आडवा येणे, पुढच्या चाकांवर वाढलेले वजन, ड्राइव्हशाफ्टची लांबी, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे वायरिंग, यात गाडी महिनोन्महिने गॅरेजमध्ये उभी राहते. एकाच घराण्यातल्या बदलातही इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू, वायरिंगचा पूर्ण संच आणि इमोबिलायझरचे (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचे) भाग घेतले नाहीत तर इंजिन फिरते पण सुरू होत नाही. नोंदणीच्या कागदांवर इंजिन क्रमांक असेल तर तो बदलून घेणे, धुराचे नियम तपासणे आणि विमा कंपनीला कळवणे ही कामे इंजिन विकत घेण्याआधीच करावीत.

वापरलेले इंजिन घेताना मी घाई केली नाही. ऑइलच्या झाकणाखाली चिकट काळा थर आहे का ते पाहिले, क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण फिरवले, प्लग काढून चारही पाहिले आणि ते स्टँडवर असतानाच लीक-डाउन चाचणी केली. चारही सिलिंडरची गळती आठ ते अकरा टक्क्यांत होती. जुना ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्यांमध्ये धातूचा चुरा नाही याची खात्री केली. टर्बोचा दांडा बोटांनी हलवला: आडवा किंचित हलतो ते चालते, कारण बेअरिंग तरंगती असते, पण पुढे-मागे सरकल्याचे जाणवू नये आणि चक्राची पाती घराला घासलेली नसावीत. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचे ऑइल सील आणि क्लच हे इंजिन खाली असतानाच नवे घातले. त्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागणे ही मोठी हळहळ असते.

टर्बो बसवूच नये असे माझे मत नाही. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे असतील, गाडी ऑइल खात नसेल, मालक ०.३ ते ०.४ बारवर समाधानी असेल आणि ट्युनिंग जाणत्या हातांनी होणार असेल तर जास्त चाललेले इंजिनही टर्बो पेलते. आणि गाडी दुर्मीळ असेल, मूळ इंजिन क्रमांकाला मोल असेल, तर तेच इंजिन पुन्हा बांधावे.

नवे इंजिन बसून चालू झाल्यानंतर आम्ही जुने खोलले. तिसऱ्या पिस्टनची ऑइल रिंग कार्बनने खाचेत घट्ट अडकली होती, वरच्या रिंगच्या टोकांमधली फट नव्या रिंगच्या तिपटीहून जास्त निघाली, आणि बोअरच्या एका बाजूला होनिंगच्या (ऑइल धरून ठेवण्यासाठी घासून काढलेल्या) तिरप्या रेघा पूर्ण पुसल्या जाऊन काचेसारखी चकाकी आली होती. शेजारच्या तिन्ही बोअरमध्ये त्या रेघा अजून दिसत होत्या. क्रँकशाफ्टवर एकही ओरखडा नव्हता. तो मी ऑइल लावून, गुंडाळून उभा ठेवला आहे, आणि ब्लॉक बोअरिंगसाठी मशीन शॉपमध्ये पाठवला आहे.