पाचव्या आठवड्यातला उन्हाळा

मे महिन्यातल्या एका रविवारी परळमधील आमच्या गल्लीतल्या चिकनच्या दुकानासमोर रांगेत उभा असताना, माझ्यापुढच्या गृहस्थांनी कोंबड्या लहान निघतात अशी तक्रार केली. दुकानदाराने तराजूवरची नजर न हलवता सांगितले, “काका, उन्हाळ्यात माल हलकाच येतो.” उत्तर खरे होते, पण अपुरे होते. उन्हाळ्यात ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबडीची, वाढ सरसकट कमी होते असे नाही. ती विशिष्ट वयात खुंटते, आणि ते वय नेमके विक्रीच्या तोंडावर येते.

अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू साधारण ४० ते ४५ ग्रॅमचे असते. पहिल्या सात दिवसांत त्याचे वजन चौपटीच्या पुढे जाते आणि चांगल्या शेडमध्ये पाचव्या आठवड्याच्या अखेरीस ते दोन किलो ओलांडते. या वजनांचा आलेख काढला तर तो सरळ रेषेत चढत नाही: आरंभी संथ, मग उभा चढ, आणि पुढे पुन्हा सपाट होत जाणारा. त्यासाठी वापरले जाणारे गॉम्पर्ट्झचे समीकरण मुळात १८२५ साली माणसांच्या मृत्युदराचा हिशेब करण्यासाठी मांडले गेले होते. विम्याच्या गणिताने कोंबडीची वाढ मोजावी, याची मला अजूनही गंमत वाटते. उभ्या चढाच्या काळात पक्षी दिवसाला ९० ग्रॅम आणि त्याहूनही अधिक वाढतो. उष्णता घाव घालते ती याच टप्प्यावर.

पहिल्या आठवड्यात मात्र हीच उष्णता त्याला हवी असते. ब्रूडिंगच्या, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देण्याच्या, वेळी त्यांना ३२ ते ३४ अंश तापमान लागते, आणि ते कमी पडले तर ती ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली एकमेकांवर चढून गोळा होतात. त्यामुळे उन्हाळ्यात पहिले दोन आठवडे शेतकऱ्याला फारसे काही खटकत नाही. वीज किंवा गॅस वाचला म्हणून तो समाधानीच असतो. पुढे पिसे भरतात, देह वाढतो आणि वजनाच्या मानाने उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग कमी पडू लागतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवा ३३ अंशांवर असेल तर अंगातील उष्णता नुसत्या हवेच्या स्पर्शाने फारशी निघून जात नाही. उरतो एकच मार्ग, चोच उघडून धापा टाकणे.

मुंबईची आणि कोकणपट्टीची अडचण इथे सुरू होते. नागपूरला मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो, परंतु तिथली हवा कोरडी असल्यामुळे ओल्या पॅडमधून खेचलेला वारा शेड खरोखर गार करतो. पालघर किंवा रायगडमधील शेडमध्ये तापमान त्याहून बरेच कमी असूनही हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, आणि मग फॉगरचे, म्हणजे बारीक तुषार उडवणाऱ्या नळ्यांचे, पाणी हवेत विरण्याऐवजी जमिनीवर अंथरलेल्या तुसावर उतरते. तूस ओले झाले की अमोनिया वाढतो. शिवाय समुद्रकाठी रात्रही पुरेशी गार होत नाही, त्यामुळे दिवसा थकलेल्या पक्ष्याला सावरायला अवधी मिळत नाही. केवळ थर्मामीटर पाहून ‘आमच्याकडे कुठे एवढे ऊन आहे’ असे म्हणणे म्हणूनच मला घातक वाटते. किनाऱ्यावर भिंतीवर टांगण्याची वस्तू हवेतील आर्द्रता दाखवणारी असली पाहिजे, आणि खर्च करायचाच तर तो पक्ष्यांच्या अंगावरून वारा वाहवणाऱ्या पंख्यांवर करावा.

उष्णतेने पक्षी खाणे कमी करतो, कारण पचनातूनही उष्णता निर्माण होते. पण सगळी घट उपासमारीची नसते. थंड शेडमधील पक्ष्यांना मोजून तेवढेच खाद्य दिले तरी ते उष्ण शेडमधील पक्ष्यांपेक्षा अधिक वाढतात. सतत धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होते, आणि छातीचे मांस कमी भरून पोटातील चरबी वाढते. म्हणजे हलक्या मालात मांसाचा वाटाही कमी असतो, हे त्या तक्रार करणाऱ्या गृहस्थांना मी सांगितले नाही.

शेडवर यावर जे उपाय होतात त्यांतला सर्वांत साधा म्हणजे दुपारी खाद्याची भांडी वर उचलून ठेवणे आणि पहाटे किंवा रात्री दिवा लावून खाऊ घालणे. दुसरा मला अधिक विलक्षण वाटतो: पाच दिवसांच्या पिल्लांना २४ तास ३६ ते ३८ अंशांत ठेवले तर त्यांची वाढ थोडी मागे पडते, मग ती भरून निघते, आणि पुढे विक्रीच्या वयात तीच पिल्ले उष्मा अधिक सोसतात. मानेवर पिसे नसलेल्या जातीचा जनुकही उपयोगी पडतो; त्याची एक प्रत पिसे सुमारे २० टक्के कमी करते, दोन प्रती ४० टक्के. पण दुकानात लोकांना गुबगुबीत पक्षीच हवा असतो.

माझा नंबर आला तेव्हा दुकानदाराचा पोऱ्या पिंजऱ्यावर मग्याने पाणी शिंपडत होता आणि आतल्या कोंबड्या तरीही चोची वासून बसल्या होत्या. गल्ल्यावरचा टेबलफॅन तेवढा पिंजऱ्याकडे फिरव, असे मी सुचवले. दुकानदाराने माझ्याकडे, मग स्वतःच्या घामाने भिजलेल्या शर्टाकडे पाहिले, आणि पंखा निम्मा फिरवला.